गरम टोकाने काढलेली रेघ

पन्हाळ्याच्या पावसाळ्यात मोजमाप नोंदवणाऱ्या यंत्रातला आलेखाचा कागद ओल धरतो आणि शाईची रेघ फुटते. शाई निबेवर सुकू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीन घालावे, तर तेही हवेतला दमटपणा ओढून घेते. थर्मल पेनने हा त्रास मुळापासून काढला. त्याच्या टोकाशी विजेने तापणारी बारीक तार असते आणि कागदावर उष्णतेने बदलणारा थर. एका प्रकारात काळ्या कागदावरचा पांढरा मेणासारखा थर वितळून खालचा काळा रंग उघडा पडतो, तर दुसऱ्यात थरातली रसायनेच तापून काळी होतात. दवाखान्यातल्या ईसीजीची पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकत असताना हृदयाचा प्रत्येक ठोका अशा टोकाने स्वच्छ उमटत असे. सोय खरी होती. पण ज्या गुणामुळे कागद लिहून घेतो, त्याच गुणामुळे तो लिहिलेले गमावतोही. रासायनिक थराची रेघ ऊन, उष्णता आणि मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीतली द्रव्ये यांनी फिकी होत जाते. मेणाचा थर त्या मानाने टिकाऊ, पण त्यावर नखाचा ओरखडाही नोंदीसारखा उठतो. म्हणून थर्मल पेन वापरणाऱ्याने त्या कागदाची टिकाऊ प्रत काढणे हा मोजणीचाच शेवटचा टप्पा मानला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

रेघ टिकली तर काय हाती लागते, हे पन्हाळ्यापासून सरळ रेषेत सुमारे पाऊणशे किलोमीटरवर दिसते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा कोयना धरणातल्या त्वरणमापकाने तो हादरा फोटोग्राफिक कागदावर नोंदवला. धरणाच्या लांबीच्या दिशेने त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पटीपर्यंत गेले होते. रचनेच्या वेळी भूकंपासाठी धरलेला गुणांक होता ०.०५. धरणाला तडे का गेले, हे त्या वळणावळणाच्या रेघेवरून तपासता आले. काँक्रीटच्या धरणांवरचे भूकंपाचे गणित पडताळण्यासाठी जगभरचे अभियंते आजही ही नोंद घेतात. नुसता सर्वोच्च आकडा लिहून कागद फेकला असता, तर यातले काहीच शक्य नव्हते. हादऱ्याचा क्रम, त्याची लय, तो किती वेळ चालला, हे सारे रेघेतच असते.

यावर कोणी म्हणेल की आकडे वहीत असले की पुरे, आणि दाखला देईल कुलाब्याचा. सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय वादळात कुलाबा वेधशाळेतल्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून हाताने लिहिलेल्या आकड्यांवरूनच २००३ साली संशोधकांनी त्या वादळाची तीव्रता मांडली. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेले होते. दाखला मोलाचा आहे. पण वादळ सुरू होताच तिथे वाचने काही मिनिटांच्या अंतराने घेतली गेली. तास-तासाने वही भरणाऱ्या ठिकाणी असे होत नाही. पन्हाळा तालुक्यातले वारणानगर दुधासाठीही ओळखले जाते, म्हणून दूध डेअरीचेच उदाहरण घेऊ. पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद राहावे लागते. तापमान मधेच अर्धा मिनिट घसरले तर तासाच्या नोंदीत ते येणारच नाही. चार्टवर मात्र खळगा दिसेल, आणि कच्चे दूध मागे वळवणारी झडप केव्हा फिरली तेही कडेच्या पेनाने दाखवलेले असेल.

आता सगळे संगणकातच साठते, मग जुन्या पट्ट्यांची चिंता कशाला, हा दुसरा आक्षेप. नव्या नोंदींपुरता तो रास्त आहे. जुन्या नोंदींना मात्र त्याचा काही उपयोग नाही, कारण त्या फक्त कागदावर आहेत आणि कपाटात पडल्या पडल्याही फिकट होत आहेत. स्कॅन करताना कागदावरच्या चौकटी कापू नयेत. चार्टचा वेग, पेनाची संवेदनक्षमता, तारीख आणि यंत्राचे नाव त्याच प्रतीवर लिहावे, नाहीतर रेघ उरते आणि माप हरवते. आणि जपण्याच्या हेतूने गरम लॅमिनेशन तर मुळीच करू नये: रासायनिक थराचा कागद त्या उष्णतेने सगळाच काळा पडतो.