ट्रक ड्रायव्हर व्हायचंय? आधी वय, लायसन्स आणि अनुभवाचा हिशोब समजून घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचा एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. "सर, पोराचं लक्ष पुस्तकात नाही. त्याचे मामू ट्रकवर आहेत. त्यांच्याबरोबर पाठवू का?" भिवंडी, मालेगाव, मिरज, कळंबोली, कोकण, मराठवाडा, कुठेही जा, आपल्या समाजात ट्रकवर पोट असलेली घरं भेटतातच. हा धंदा कमीपणाचा अजिबात नाही. ट्रक थांबला तर बाजारात भाजी नाही, कारखान्यात सूत नाही आणि दुकानात औषध नाही. पण "स्टिअरिंग हातात आलं की झाला ड्रायव्हर" ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत अपघाताच्या दिवशी सगळ्या घराला मोजावी लागते. म्हणून कायदा काय मागतो, मालक काय बघतो आणि आपण काय तपासायचं, ते इथे नीट मांडतो.

वय : १८ आणि २० मधला फरक

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याप्रमाणे कार, जीप अशी हलकी गाडी चालवायला वय १८ पूर्ण लागतं. ट्रान्सपोर्ट म्हणजे भाड्याने माल किंवा माणसं वाहणाऱ्या गाडीसाठी हीच अट २० वर्षांची आहे. २० पूर्ण होण्याआधी ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्ससुद्धा मिळत नाही. त्यामुळे "१८ चा झाला, आता ट्रकवर बसव" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

दुसरी अट अनुभवाची आहे आणि ती कायद्यातच लिहिली आहे. हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्हीचं, पक्कं लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालं पाहिजे. त्यानंतरच ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्स निघतं. म्हणजे जो मुलगा विसाव्या वर्षी पहिल्यांदा आरटीओची पायरी चढतो, त्याला ट्रकच्या लायसन्सपर्यंत पोचायला साधारण एकविसावं उजाडतं. १८ पूर्ण होताच एलएमव्ही काढून ठेवलं तर हे वर्ष वाया जात नाही.

छोट्या टेम्पोला वेगळा नियम

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली गाडी कायद्याने हलकी धरली जाते. या वजनात माल भरलेली गाडी आली. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की एलएमव्ही लायसन्सवाला ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडीसुद्धा चालवू शकतो. त्यासाठी ट्रान्सपोर्टचा वेगळा शिक्का लागत नाही. धोकादायक माल वाहणारी गाडी आणि ई-रिक्षा यांना मात्र हा निकाल लागू नाही.

याचा फायदा आपल्या मुलांना असा, की १८ ते २० ही दोन वर्षं रिकामी बसायची गरज नाही. छोटा हत्ती, पिकअप अशा गाडीवर काम करत हात बसवता येतो आणि घरात चार पैसेही येतात. गाडीचं वजन किती ते आरसीवर छापलेलं असतं. चावी घेण्याआधी तो आकडा वाचायचा. ७,५०० च्या वर गेला तर ट्रान्सपोर्ट लायसन्स हवंच.

आणखी एक. रिक्षा, टॅक्सी, बस चालवणाऱ्याला बॅज लागतो. मालाच्या ट्रकला बॅज लागत नाही. बॅजच्या नावाखाली कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

शिक्षणाची अट गेली, शिक्षणाची गरज नाही

पूर्वी ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी किमान आठवी पास असावं लागायचं. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ही अट काढून टाकली. त्यामागची हकिकत आपल्याला माहीत असावी. हरियाणातल्या मेवात भागातून ही मागणी आली होती. तिथे मेव मुसलमानांची मोठी वस्ती आहे आणि ड्रायव्हिंगवर पोट असलेली घरं भरपूर आहेत. गाडी उत्तम चालवणाऱ्या माणसांकडे शाळेचा दाखला नव्हता, म्हणून लायसन्स अडत होतं. हरियाणा सरकारने सवलत मागितली, आणि केंद्राने ती अट संपूर्ण देशासाठीच काढली.

म्हणजे आज सातवीत शाळा सोडलेला मुलगाही ट्रकचं लायसन्स काढू शकतो. पण शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगणं माझं काम आहे. रस्त्यावर पावलोपावली वाचावंच लागतं. बिल्टी, ई-वे बिल, परमिट, फिटनेसची तारीख, पुलाखालची उंचीची पाटी, घाटातली सूचना, मोबाईलवरचा पत्ता. ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याच्या सांगण्यावर सही करतो, आणि माल कमी भरला की नुकसान त्याच्या पगारातून कापलं जातं.

वाचता येण्याचा थेट पैशांशीही संबंध आहे. पेट्रोल, डिझेल, गॅस, केमिकल असा धोकादायक माल वाहणाऱ्या ड्रायव्हरसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगळी अट आहे. त्याला घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे. शिवाय तीन दिवसांचं खास प्रशिक्षण पूर्ण करून लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते. आठव्या अनुसूचीत मराठीही आहे आणि उर्दूही. म्हणजे उर्दू मीडियमच्या मुलाला भाषेची अडचण नाही. अडतं ते इंग्रजीत. टँकरचं काम जोखमीचं असतं, म्हणून ड्रायव्हरही निवडून घेतात. आठवी-नववीची इंग्रजी नीट केलेली असेल तर हे दार उघडं राहतं.

लायसन्सच्या पायऱ्या

१. एलएमव्हीचं शिकाऊ लायसन्स : अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर करायचा. संगणकावर वाहतुकीच्या चिन्हांची आणि नियमांची परीक्षा होते, त्यात ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. ३० दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते.

२. एक वर्ष एलएमव्ही : हे वर्ष मनापासून चालवायचं. पाऊस, रात्र, घाट, गर्दी, सगळं अनुभवायचं.

३. डॉक्टरांचा दाखला : ट्रान्सपोर्टसाठी फॉर्म १-ए लागतो. त्यात नजर, ऐकणं आणि लाल-हिरवा रंग ओळखता येतो का हे बघतात. रंग ओळखण्यात दोष असेल किंवा फिट येत असेल तर ते लपवू नका. तपासणी आधीच करून घेतली तर ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे आणि वेळ वाचतो.

४. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूल : ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी स्कूलचा फॉर्म ५ चा दाखला लागतो. नियमाप्रमाणे हे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं असतं आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १५ तास असतात. "स्कूलला येऊ नका, दाखला घरपोच देतो" असं म्हणणारा आपल्या मुलाचा मित्र नाही. पुण्यात भोसरीला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, म्हणजे सीआयआरटी, ही जुनी संस्था आहे. तिथेही चालकांचं प्रशिक्षण होतं. चौकशी करायला हरकत नाही.

५. आरटीओची चाचणी : पास झाल्यावर त्याच लायसन्सवर ट्रान्सपोर्टची नोंद चढते.

ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षं चालतं. धोकादायक मालाची नोंद तीन वर्षांची असते आणि नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण घ्यावं लागतं. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असायची, २०१९ च्या दुरुस्तीत ती काढली. तारीख संपली की दुसऱ्या दिवशी लायसन्स बंद. नूतनीकरण मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतं, म्हणून शेवटच्या महिन्याची वाट बघू नका. संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

मालक "अनुभव" म्हणतो तेव्हा काय बघतो?

लायसन्स मिळालं म्हणजे दुसऱ्या दिवशी चौदा टायरी गाडी मिळेल असं नाही. बहुतेक मुलं आधी क्लीनर म्हणून चढतात. ही उमेदवारी हलकी समजू नका. टायरची हवा, ऑइल, ब्रेक, दोरी-ताडपत्री, माल भरताना तोल, रिव्हर्स घेताना मागून इशारा, चेकनाक्यावरची कागदपत्रं, हे सगळं क्लीनर असतानाच शिकून होतं. मग सहा टायरी, मग दहा-बारा टायरी, आणि शेवटी ट्रेलर किंवा कंटेनर. मोठ्या कंपन्या अवजड गाडीचा काही वर्षांचा अनुभव मागतात आणि तो तोंडी सांगून चालत नाही. जुन्या मालकाचं पत्र, बँकेत जमा झालेला पगार, लायसन्सवरच्या तारखा असा पुरावा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून कागद जपा.

पण एक चूक सर्रास होते. रात्री रस्ता रिकामा असला की उस्ताद क्लीनरला म्हणतो, "घे, थोडं चालव, मी झोपतो." लायसन्स नसताना गाडी चालवली तर ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ज्याने गाडी दिली त्यालाही शिक्षा आहे. आणि दंड ही तर छोटी गोष्ट झाली. अपघात झाला तर विमा कंपनी लायसन्सवर बोट ठेवते. समोरच्याला भरपाई द्यावी लागली तरी ती नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. ट्रक अब्बांच्या किंवा चाचांच्या नावावर कर्जाने घेतलेला असेल, तर ही वसुली थेट घरावर येते.

नोकरी धरताना चार गोष्टी ठरवा

पगार किती आणि फेरीचा भत्ता किती, हे वेगळं वेगळं विचारा. डिझेल, टोल, पोलीस-दंड कोणाच्या खिशातून, हेही आधीच बोला. ओव्हरलोडचा दंड किमान २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. "माल भर, मी बघतो" म्हणणारा मालक नाक्यावर हजर नसतो. पगार बँकेत घ्या. कामावर असताना ड्रायव्हर-क्लीनर जखमी झाला किंवा गेला, तर कायद्याने भरपाईचा हक्क आहे. पण ती रक्कम पगारावर ठरते. पगाराचा पुरावा नसेल तर बेवा आणि मुलांना कोर्टात तेच सिद्ध करत बसावं लागतं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ धरले होते. प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, तरीही डोळे मिटायला लागले की गाडी बाजूला घेण्याचा हक्क ड्रायव्हरचाच आहे. भाडं परत मिळतं.

अपघात झालाच, तर जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं ही कायद्याने ड्रायव्हरची जबाबदारी आहे. जमावाची भीती असेल तर सरळ जवळचं पोलीस ठाणं गाठायचं. पळून जाणं हा रस्ता नाही.

आखाताचं स्वप्न बघताना

सौदी, दुबई, कतारला हेवी ड्रायव्हर म्हणून जाणारी मुलं कोकणापासून मराठवाड्यापर्यंत आहेत. तिथे आपल्या लायसन्सवर ट्रक चालत नाही, तिथलं हेवी लायसन्स काढावं लागतं. ते कोणाच्या खर्चाने, आणि चाचणीत नापास झालं तर काय, हे करारात बघा. दहावी पास नसेल तर पासपोर्ट ईसीआर प्रकारचा मिळतो. आखाती देशांत नोकरीला जाताना अशा पासपोर्टवर सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी टाळून टुरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. एजंट नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. नियमाप्रमाणे तो ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त फी घेऊ शकत नाही. आईचे दागिने मोडून दोन-तीन लाख भरायच्या आधी हा आकडा लक्षात ठेवा.

युरोपच्या जाहिरातीही मोबाईलवर फिरतात. तिथे ट्रकच्या लायसन्सशिवाय व्यावसायिक चालकाची वेगळी पात्रता परीक्षा असते. "अनुभव नको, भाषा नको, महिन्यात व्हिसा" असं कोणी लिहिलं असेल तर ती नोकरी नाही, फसवणूक आहे.

पालकांनी आज काय करावं?

मुलगा १६-१७ चा असेल तर दहावी कशीही करून पूर्ण करून घ्या, नापास झाला असेल तर पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरा. त्या एका दाखल्याने पासपोर्टही सोपा होतो आणि टँकरचं कामही. १८ पूर्ण झाले की एलएमव्ही काढा आणि छोट्या गाडीवर वर्ष-दोन वर्षं घालवू द्या. २० पूर्ण झाल्यावर डोळ्यांची तपासणी, चांगलं स्कूल आणि ट्रान्सपोर्टचं लायसन्स. त्याच्या लायसन्सची मुदत कधी संपते ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो रस्त्यावर असेल, विसरेल. घरातल्यांनी विसरू नये.