बाँबमधलं युरेनियम, घरातला दिवा

कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या दर दहा दिव्यांपैकी साधारण एक दिवा रशियाच्या अणुबाँबमधून काढलेल्या युरेनियमवर जळत होता. सोव्हिएत संघ मोडकळीला आला असताना, ऑक्टोबर १९९१ मध्ये, एमआयटीतले भौतिकशास्त्रज्ञ थॉमस नेफ यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सुचवलं की हे युरेनियम विकत घ्या आणि अणुभट्टीत जाळा. फेब्रुवारी १९९३ मध्ये अमेरिका आणि रशियात करार झाला: ५०० टन युरेनियम, मुदत २० वर्षं. ‘मेगाटन्स टू मेगावॉट्स’ या नावाने तो ओळखला जातो. क्षेपणास्त्र कापलं तरी नवं बांधता येतं. शस्त्रकपात खरी तेव्हाच, जेव्हा आतला माल बाँबसाठी निकामी होतो. आणि तो निकामी करण्याचं काम टिकतं, ते त्याला गिऱ्हाईक असेल तरच.

काम बघण्यासारखं होतं. बाँबच्या युरेनियममध्ये यू-२३५ चं, म्हणजे साखळी प्रक्रिया चालवणाऱ्या समस्थानिकाचं, प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास. त्या धातूचा आधी कीस काढायचा, तो भाजून ऑक्साइड करायचं, शुद्ध करून त्याचा वायू बनवायचा आणि नळीच्या सांध्यावर त्यात जेमतेम दीड टक्क्याचं युरेनियम मिसळायचं. बाहेर पडणारा माल पाच टक्क्यांच्या आत. पोलादी सिलिंडरांत भरून तो सेंट पीटर्सबर्गहून जहाजाने निघे. रशियाच्या बंदिस्त अणुनगरांमधल्या त्या नळ्यांवर अमेरिकी निरीक्षक नजर ठेवत. त्याच्या काही वर्षं आधी असं कुणी बोललं असतं तर वेड्यात निघालं असतं!

या करारामुळे ‘२०,००० बाँब संपले’ हा आकडा मात्र जपून वाचावा. एका बाँबला २५ किलो धरून केलेला तो भागाकार आहे. रशियाकडे अण्वस्त्रं उरलीच, शिवाय पातळ केलेलं युरेनियम पुन्हा समृद्ध करता येतं, हा आक्षेपही रास्त आहे. पण त्याला सेंट्रिफ्यूजचे प्रचंड कारखाने लागतात. ते एखाद्या राष्ट्राकडे असतात, दहशतवादी टोळीकडे नसतात. पगार थकलेल्या पहारेकऱ्यांच्या त्या काळात गोदामातून तयार धातू चोरीला जाण्याची भीती खरी होती, आणि ५०० टनांपुरती ती कायमची मिटली. दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो: स्वस्त रशियन मालाची अमेरिकेला सवय लागली. ती मोडायला २०२४ मध्ये आयातबंदीचा कायदा करावा लागला.

प्लुटोनियमची गोष्ट याच्या उलट झाली. दोन्ही देशांनी प्रत्येकी ३४ टन नष्ट करण्याचा करार २००० साली झाला, पण प्लुटोनियमपासून इंधन बनवणं युरेनियमपेक्षा महाग, म्हणून गिऱ्हाईक नाही. २०१६ मध्ये रशियाने करार स्थगित केला. दक्षिण कॅरोलिनातला इंधन कारखाना अमेरिकेने अब्जावधी डॉलर ओतून २०१८ मध्ये अर्धवट सोडला.