रॅमची सुसंगतता
रॅमची सुसंगतता म्हणजे डेस्कटॉप संगणकातील मदरबोर्ड व प्रोसेसर यांच्याशी मेमरी मॉड्यूलचे जुळणे. ती प्रथम मेमरीच्या पिढीवर अवलंबून असते. डीडीआर३ मॉड्यूलला २४० पिना असून ते १.५ व्होल्टवर चालते. डीडीआर४ ला २८८ पिना असून १.२ व्होल्ट पुरतात. डीडीआर५ चे मानक जेडेक या संस्थेने जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केले. त्यातही पिना २८८च आहेत. मात्र खाच वेगळ्या जागी असल्याने हे मॉड्यूल डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसत नाही. जोर लावल्यास स्लॉट तुटून मदरबोर्डच बदलण्याची वेळ येऊ शकते.

केवळ प्रोसेसर पाहून रॅम घेणे पुरेसे नसते. इंटेलच्या बाराव्या पिढीतील कोअर प्रोसेसरना डीडीआर४ व डीडीआर५ दोन्ही चालतात, तथापि बहुतेक मदरबोर्डवर त्यांपैकी एकाचेच स्लॉट असतात. एएमडीच्या एएम४ मंचावर डीडीआर४, तर २०२२ च्या एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते.

वेष्टनावरील ‘३२००’ हा आकडा दुकानांत मेगाहर्ट्झ म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो सेकंदाला होणाऱ्या ३,२०० दशलक्ष हस्तांतरणांचा असून घड्याळाची वारंवारता १,६०० मेगाहर्ट्झ असते. भिन्न वेगांची मॉड्यूल एकत्र लावल्यास सर्व मॉड्यूल सहसा सर्वांत मंद मॉड्यूलच्या वेगाने चालतात.

जुन्या सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम अनेकदा स्वस्त मिळते; घरगुती मदरबोर्डवर मात्र तिने संगणक सुरूच होत नाही.