सूक्ष्म स्वच्छतेची द्रावके : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सर्किट बोर्डावर सोल्डरिंगनंतर उरलेली फ्लक्सची राळ असो किंवा बेअरिंगच्या खाचेत साचलेले तेल असो, ते निःशेष काढल्यावाचून यंत्र भरवशाचे होत नाही. आणि या कामी दीर्घकाळ ज्याच्यावर कारखानदारांची भिस्त होती, त्या सीएफसी-११३ या द्रावकातील क्लोरिन ओझोनच्या थराचा नाश करतो असे निष्पन्न झाल्यामुळे, १६ सप्टेंबर १९८७ च्या माँट्रियल करारान्वये व त्यातील पुढील दुरुस्त्यांअन्वये त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला. त्याच्या जागी आलेल्या द्रावकांना ‘पर्यावरणस्नेही’ हे बिरुद सरसकट लावले जाते. पण वातावरण, कामगार आणि सांडपाणी या तिन्हींचा हिशेब मांडल्याखेरीज ते कोणालाही देणे उचित नव्हे.

गैरसमज : जुन्या द्रावकाला तोडीचा पर्याय नाही.
वस्तुस्थिती : करारानंतर काही महिन्यांतच, १९८८ च्या प्रारंभी, ए. टी. अँड टी. आणि पेट्रोफर्म या अमेरिकी कंपन्यांनी टर्पीनयुक्त द्रावक पुढे आणून ही शंका निराधार ठरवली. पुढे अनेकांनी फ्लक्सच असा योजला, की जोडणीनंतर बोर्ड धुण्याचे प्रयोजनच बहुधा उरू नये. आणि जे द्रावक वापरावेच लागत नाही, त्याहून निरुपद्रवी द्रावक कोणते?

गैरसमज : वनस्पतिजन्य द्रावक म्हणजे निर्धोक द्रावक.
वस्तुस्थिती : संत्र्याच्या सालीतून मिळणारे लिमोनीन राळ आणि तेल उत्तम विरघळवते, तथापि त्याची वाफ सुमारे ४८ अंश सेल्सियसला पेट घेऊ शकते, आणि हवेशी संयोग होऊन त्यापासून बनणारी द्रव्ये त्वचेला ॲलर्जी आणतात. म्हणून वायुवीजनाची आणि हातमोज्यांची तजवीज येथेही अपरिहार्य आहे.

गैरसमज : ओझोनला बाधत नाही, ते सर्वथा निर्दोष.
वस्तुस्थिती : ट्रायक्लोरोएथिलीन हवेत लवकर विघटित होत असल्यामुळे ओझोनला त्याचा उपद्रव नगण्य आहे; परंतु ते मानवात कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने दिलेला आहे. हायड्रोफ्लुओरोईथर ओझोनला अपाय करत नाहीत, सहसा पेटतही नाहीत. मात्र पर्यावरणात चिरकाल टिकणाऱ्या फ्लुओरिनयुक्त रसायनांच्या, म्हणजे पीएफएएसच्या, वर्गात त्यांची गणना होते, आणि थ्रीएम या उत्पादक कंपनीने तर २०२५ अखेर या वर्गाचे उत्पादन थांबवण्याचे डिसेंबर २०२२ मध्येच जाहीर केले.

गैरसमज : पाण्याने धुणे हाच निर्मळ मार्ग.
वस्तुस्थिती : पाण्याचा पृष्ठताण आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या तिपटीहून अधिक असल्यामुळे चिपखालच्या अरुंद फटीत ते सहजी शिरत नाही, आणि शिरले तर सहजी निघत नाही. त्यासाठी क्षालक मिसळावे लागतात, सुकवण्यास बरीच ऊर्जा खर्ची पडते, आणि शिसे-कथिल मिसळलेले सांडपाणी शुद्धीकरणाविना गटारात सोडता येत नाही. उलट, बंदिस्त यंत्रात वाफ थंड करून तेच द्रावक पुनःपुन्हा वापरता येते. तेथे हवेत सुटणारा अंश अत्यल्प असतो.

सारांश, मळ कोणता, वस्तू कशाची आणि उरलेल्या द्रावकाची विल्हेवाट कोठे, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती आल्यावरच निवड करावी. खरेदीच्या दफ्तरी दरपत्रकाशेजारी द्रावकाचे सुरक्षा-माहितीपत्रक ठेवलेले असावे आणि मंजुरीची सही होण्यापूर्वी ते वाचले जावे. कारण त्या द्रावकाची वाफ दिवसभर श्वासावाटे घेणाऱ्या कामगाराला निवडीचा अधिकार क्वचितच मिळतो.