चार हप्ते चुकले की

दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला मंठा तालुक्यातल्या छोट्या गावच्या पोस्टात वर्दळ नसते. टपालाची पिशवी सब ऑफिसकडे गेलेली, दिवसाचा हिशेब जुळलेला. तिथली तरुण शाखा डाकपाल (गावात सगळे तिला ‘पोस्टवाल्या ताई’च म्हणतात) तेव्हा मोबाईल घेऊन बाहेरच्या ओट्यावर येते. आत रेंज नीट लागत नाही. कानात इअरफोन, मांडीवर शंभर पानी वही, पडद्यावर ‘डाक कर्मयोगी’चा पाठ.

टपाल खात्याने हे ई-लर्निंग पोर्टल २८ जून २०२२ रोजी सुरू केलं, सुमारे चार लाख ग्रामीण डाक सेवक आणि खात्याचे इतर कर्मचारी डोळ्यांसमोर ठेवून. खात्याची प्रशिक्षण केंद्रं जुनी आहेत, पण ती वडोदरा, म्हैसूर, मदुराई अशा ठिकाणी. गावच्या डाकपालाला सगळं सोडून तिथे जाऊन बसणं कुठून जमायचं? कार्यालय एका माणसाच्या जिवावर चालतं. तो गेला की कुलूप. धडा गावात आणण्याची गरज होतीच, आणि तो आला याचं मला मनापासून महत्त्व वाटतं.

कारण हे काम आता पत्रं वाटण्यापुरतं उरलेलं नाही. डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते, लेखी परीक्षा नाही की मुलाखत नाही. हातात मात्र लोकांचा पैसा येतो. बचत खातं, आरडी, मुदत ठेव, सुकन्या समृद्धी हे आधीपासून होतंच. २०२० मध्ये पीपीएफ, मासिक उत्पन्न योजना, ज्येष्ठ नागरिकांची योजना, एनएससी आणि किसान विकास पत्रही शाखा डाकघरांत आलं. त्याआधीच, १ सप्टेंबर २०१८ पासून, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं काम गळ्यात होतं. आधारला जोडलेल्या कुठल्याही बँकेच्या खात्यातून अंगठा लावून पैसे काढून देणारी ही बाई गावाची बँकच आहे. तिचे कामाचे तास मात्र कागदावर दिवसाचे चार किंवा पाच.

मी पाहत होते तेव्हा आरडीचा पाठ चालू होता, हिंदीत. चित्रफीत मध्येच थांबायची, गोल फिरत राहायचा. ती न चिडता वहीत लिहायची. सगळं लिहीत नव्हती. हप्ता किमान शंभर रुपये, मुदत पाच वर्षं, चुकलेल्या हप्त्याला दरमहा शंभरामागे रुपया दंड, हे तिला पाठ होतं. एका ओळीखाली तिने दोनदा रेघ मारली. चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं आणि पुढच्या दोन महिन्यांत थकलेले हप्ते भरून ते चालू करता येतं. ती वेळ गेली की त्यात पुढे पैसे भरता येत नाहीत.

मंठ्यात या ओळीचा अर्थ वेगळा लागतो. दिवाळीच्या आसपास इथल्या वाड्या-तांड्यांवरची माणसं मुकादमाची उचल घेऊन उसाला जातात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. जोडपं म्हणजे एक कोयता. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. पाचशेची आरडी असलेली बाई नोव्हेंबरात गेली, तर फेब्रुवारीपर्यंत चार हप्ते चुकले, आणि वाचवायला हाती उरले मार्च-एप्रिल. कारखाना लांबला की तेही गेले. नियम लिहिणाऱ्याच्या मनात ऊसतोड नसणार, पण हंगाम आणि नियम एकमेकांना असे चिकटून बसले आहेत की खाती बंद पडतात ती नेमकी तोडणीला गेलेल्यांची.

उपायही त्याच पाठात आहे, तीन-चार पडदे पुढे. हप्ते आगाऊ भरता येतात. सहा हप्ते एकदम भरले तर शंभराच्या खात्याला दहा रुपये सूट, बारा भरले तर चाळीस. म्हणजे पाचशेच्या आरडीला तीन हजारांऐवजी दोन हजार नऊशे पन्नास भरायचे. पाठात ही माहिती नुसती सूट म्हणून येते. ताईने ती चुकलेल्या हप्त्यांच्या ओळीला बाण काढून जोडली आणि शेजारी लिहिलं, ‘उचल आली की लगेच सांगायचं.’

उचलीचे पैसे घरात चार दिवस टिकत नाहीत. किराणा, जुनी देणी, पोरांचे कपडे यांत ते जातात. म्हणून ती पोस्टात बसून वाट पाहत नाही, टपाल वाटायला तांड्यावर जाते तेव्हाच बायकांना गाठते. सगळ्या ऐकत नाहीत. एकीने तिला माझ्यासमोर सुनावलं, “ताई, तीन हजार एकदम भरले तर पोरांला काय ठिवू?” ताईने जबरदस्ती केली नाही. तीन महिन्यांचे भरा म्हणाली. सूट नाही मिळणार, पण मग चौथा हप्ता चुकेपर्यंत तुम्ही परत आलेल्या असाल. हा हिशेब तिला कुठल्या चित्रफितीने शिकवलेला नव्हता.

पाठाच्या शेवटी प्रश्न येतात, त्यात ती सहज पास होते, प्रमाणपत्र ईमेलवर येतं. वरच्या कार्यालयाला दिसतं ते एवढंच. किती जणांनी किती पाठ संपवले हा आकडा मोजायला सोपा, म्हणून त्याचीच विचारणा होते. मला तो आकडा पुरेसा वाटत नाही. चार हप्त्यांचा नियम सांगता येणं आणि तो नियम कुणाला, कोणत्या महिन्यात सांगायचा हे कळणं, यात खातेदाराची पाच वर्षांची बचत अडकलेली असते.

ई-लर्निंगची खरी ताकद इथेच वापरायला हवी. छापील पुस्तिका बदलायला वर्ष जातं, मोबाईलवरचा पाठ आठवड्यात बदलता येतो. अल्पबचतीचे व्याजदर दर तिमाहीला जाहीर होतात, तिथे याचा उपयोग आहेच. मग परतूर-मंठ्यासाठी ऊसतोडीचं उदाहरण, कोकणासाठी मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचं, असे मराठीतले पाठ का नसावेत? आणि ओट्यावर बसून घालवलेला तास कामाचा तास धरला जावा. तिची ड्युटी संपलेली असते आणि ती शिकत असते खात्यासाठी.

पोर्टलवर पाठाबद्दल अभिप्राय देता येतो. तिने तो कधी दिला नव्हता. हिंदीत लिहायचं म्हणून हात अडतो, म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून एक प्रश्न मराठीतच लिहिला, पुढच्या चाचणीत घालावा म्हणून: खातेदार सहा महिने ऊसतोडीला जाणार आहे, तिच्याकडे आज दीड हजार रुपये आहेत, आरडी पाचशेची आहे; तुम्ही काय सांगाल?