शेक घेतलेली धमनी

ग्वाल्हेरमध्ये 'कॅन्सर पहाडी' एवढाच पत्ता पुरतो. शिंदेशाहीतल्या मांढरे या मराठी घराण्याच्या नावाने ओळखली जाणारी मांढरेमाता याच टेकडीवर आहे आणि शेजारीच कर्करोग रुग्णालय. रेडिएशनला इथले लोक 'सिकाई' म्हणतात, मराठी घरांत 'शेक'. शब्द मायेचा आहे, पण त्यामुळे एक गोष्ट नजरेआड होते. हा शेक कातडीवर थांबत नाही.

तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग आपल्याकडे फार. त्यांच्यावर सहा-सात आठवड्यांत साधारण 60 ते 70 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) इतके किरण दिले जातात. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन्ही कॅरोटिड धमन्या मानेतूनच जातात, त्यामुळे बहुतेकदा त्याही या माऱ्यात सापडतात. धमनीच्या आतले नाजूक अस्तर दुखावते. जाड धमनीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही बुजतात. सूज धुमसत राहते, भिंत जाड आणि ताठर होते, चरबीचा थर लवकर साचतो. हे सारे वर्षानुवर्षे, न दुखता चालते. गाठ गेली म्हणून घरात पेढे वाटले जातात आणि दहा वर्षांनी पक्षाघाताचा झटका येतो. त्या वेळी जुना शेक कुणाला आठवतही नाही.

हृदयाचेही तसेच. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या 2168 स्त्रियांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेत दर ग्रेमागे हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका 7.4 टक्क्यांनी वाढलेला दिसला. ही वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू झाली आणि वीस वर्षांनंतरही टिकून होती. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्येही हृदयविकार आणि पक्षाघाताचे वाढलेले प्रमाण आढळले आहे.

म्हणून कुणी उपचार टाळू नये. कर्करोगाचा धोका आजचा आहे आणि किरणांनी असंख्य जीव वाचवले आहेत. साध्या एक्स-रेलाही घाबरू नये. छातीच्या एक्स-रेतली मात्रा एका ग्रेच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते.

चुकते ते उपचारानंतर. मानेतल्या धमन्या तपासणारी डॉप्लर सोनोग्राफी सुईशिवाय, वेदनेशिवाय होते, तरी ती करून घ्यायला सांगणारे कमी. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू कायमची सोडणे शेक घेतलेल्या रुग्णांसाठी इतरांहून अधिक गरजेचे आहे. घरात कुणाचा शेक झाला असेल, तर ती जुनी फाइल रद्दीत घालू नका. पुढच्या वेळी रक्तदाब तपासायला जाताना ती डॉक्टरांसमोर ठेवा.