तंजावरची 'बाला' : माहितीपटाशी पहिली ओळख

माहितीपट म्हणजे कंटाळवाणी सरकारी रीळ, असे समजून आपण तो टाळतो. पण वेगळे चित्रपट पाहायला सुरुवात करणाऱ्यांसाठी तंजावरशी नाते सांगणारा अर्ध्या तासाचा एक माहितीपट उत्तम वाटाड्या ठरू शकतो.

सत्यजित राय यांचा 'बाला' (१९७६) हा माहितीपट भरतनाट्यमच्या श्रेष्ठ नर्तिका टी. बालासरस्वती यांच्यावर आहे. नृत्यातले काही कळत नसले, तरी तो पाहताना अडत नाही.

भोसल्यांच्या दरबारातून

तंजावरवर १६७६ ते १८५५ या काळात मराठ्यांचे राज्य होते. अठराव्या शतकात या दरबारात पापम्मा नावाची कलावंतीण होती. बालासरस्वती तिच्याच घराण्यातल्या. त्यांचा जन्म १९१८ साली मद्रासला झाला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात होते. आजच्या भरतनाट्यम कार्यक्रमाचा क्रम त्यांनीच घालून दिला. बालांचे गुरू कंदप्पा पिल्लै याच बंधूंच्या वंशातले.

पुढे काळ बदलला. देवदासी प्रथा बंद व्हावी, ही मागणी रास्तच होती. पण प्रथेबरोबर त्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली कलाही बदनाम झाली. 'चांगल्या घरच्या' मुली नाचू लागल्या, तेव्हा नृत्यातला शृंगार सोवळा करण्याचा आग्रह सुरू झाला. बालांनी तो मानला नाही. शृंगार आणि भक्ती वेगळी नाहीत, हे त्या अखेरपर्यंत सांगत राहिल्या.

उशीर झाला, पण राहून गेले नाही

राय यांनी १९३५ मध्ये कलकत्त्यात बालांचे नृत्य पाहिले, तेव्हा ते जेमतेम १४ वर्षांचे होते. १९६६ मध्ये त्यांनी माहितीपटाचा विचार केला. तो पुरा व्हायला दहा वर्षे लागली. तोवर बाला ५८ वर्षांच्या झाल्या होत्या. १९८४ मध्ये त्या गेल्या. आणखी थोडी चालढकल झाली असती, तर हा ठेवा हाती लागलाच नसता.

माहितीपटात महाबलीपुरमच्या समुद्रकाठी त्या नाचतात, तेव्हा वारा केस आणि वस्त्रे सैरभैर करतो; त्यांचा अभिनय मात्र ढळत नाही. शेवटच्या वर्णमच्या वेळी पायांत चाळ आहेत, तेही सातव्या वर्षी कांचीपुरमला पहिल्यांदा नाचताना बांधलेलेच. कॅमेरा उगाच धावपळ करत नाही. पाहणाऱ्यालाही सावकाश पाहायची सवय लागते.

महोत्सवात जाताना

ही सवय वाढवायला चित्रपट मंडळे आहेत. राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी काढली; मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. मुंबईचा माहितीपट महोत्सव १९९० पासून, तर पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००२ पासून भरू लागला.

नवख्यांनी एका दिवसात पाच चित्रपटांचा हव्यास धरू नये, दोनच निवडावेत. नावाजलेल्यांबरोबर एखादा अनोळखी दिग्दर्शकही घ्यावा. दिग्दर्शकाशी गप्पा असतील तर थांबावे आणि न कळलेले निःसंकोच विचारावे. घरच्या गृहिणीनेही 'मला त्यातले काय कळणार' म्हणून मागे राहू नये.

तंजावरला जाणारे मराठी पर्यटक सरस्वती महाल आणि मोठ्या देवळातला मराठी शिलालेख आवर्जून पाहतात. निघण्यापूर्वी 'बाला' पाहिला, तर त्या दरबारातला जिवंत वारसाही ओळखीचा होईल.